जागा सोडायची न्हाई

माझा धाकटा भाऊ ऋषिराज फौजेतून हवालदार होऊन कायमचा घरी आला आणि आमच्या घराची छावणी झाली. हे मी कौतुकानं सांगत नाही. गावात मात्र कौतुकच होतं. सांगलीहून मी माहेरी गेले आणि कोरेगावच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं, की हमखास ऐकायला मिळायचं, "दीपमालाताई, पोरगी बघावी ती तुमच्या भावाची! काय वळण हाय! एका शिट्टीवर हजर!" मी हसून मान डोलवायची आणि मनात म्हणायची, शिट्टीवर कुत्रंसुद्धा हजर होतं.

ती शिट्टी पितळेची होती आणि काळ्या दोरीनं कायम त्याच्या गळ्यात असायची. नियम दोनच. एक लांब शिट्टी झाली की सृष्टीनं असेल तिथून धावत यायचं. दोन तुटक शिट्ट्या झाल्या की आहे तिथंच उभं राहायचं, पप्पा स्वतः येऊन 'चल' म्हणेपर्यंत पाऊल हलवायचं नाही. 'जागा सोडायची न्हाई' हे वाक्य त्या घरात मिठासारखं रोज लागायचं. अभ्यासाला बसलीस, जागा सोडायची न्हाई. ताटावर बसलीस, जागा सोडायची न्हाई. नऊ वर्षांची पोर ती, पण चपलासुद्धा अशा काढून ठेवायची की दोन्हींची टोकं एका रेषेत.

त्याची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल, बहीण असून भावाला नावं ठेवते. सृष्टी जन्मली तेव्हा तो पार तिकडं बर्फात होता. वर्षाकाठी रजेवर यायचा तेव्हा पोर पूजाच्या, म्हणजे तिच्या आईच्या, मागं लपायची. एकदा तर तिनं आईला सगळ्यांच्या देखत विचारलं, "हे काका परत कधी जाणार?" घरात हशा पिकला. ऋषिराजही हसला, पण नंतर गोठ्यात जाऊन बराच वेळ उगीच म्हशीला घासत बसला. मी बघितलंय ते. पुढं नोकरी संपवून आला तेव्हा लेकीला जवळ कसं करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. नवी भरती झालेली पोरं हाताखाली आली की त्यांना सरळ कसं करायचं, एवढंच त्याला पाठ होतं. जे येत होतं ते त्यानं केलं.

आणि त्याच वर्षी आमच्या शिवारात बिबट्या फिरायला लागला. शेजारच्या दादासोंचं कुत्रं त्यानं अंगणातून उचललं. तेव्हापासून ऋषिराजची झोपच उडाली. चहूबाजूंनी ऊस. त्यात वाट चुकलेलं पोर घाबरून पळत सुटलं की आणखी आत जातं, आणि थांबलं तर सापडतं, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. दोन तुटक शिट्ट्यांचा नियम तिथून आला. मनात माया होती, पण ती बाहेर यायची ती हुकूम होऊनच.

एक गोष्ट मात्र मान्य करते. त्यानं लेकीवर कधी हात उगारला नाही. उगारला असता तर निदान आमची आई मध्ये पडली असती. तो फक्त नजर रोखायचा आणि एकच शब्द विचारायचा, "पुन्हा?" त्या एका शब्दानं पोरीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरायचं.

आई, म्हणजे साळूबाई, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन साताऱ्याला झालं म्हणून मी माघात मुक्कामाला गेले होते. पहिल्याच संध्याकाळी जेवताना सृष्टीच्या हातून ताकाचा पेला कलंडला. कुणी काही बोलायच्या आत ती पोर ताटावरून उठली आणि हात मांड्यांना चिकटवून ताठ उभी राहिली. माझा घास तोंडातच राहिला. ऋषिराज म्हणाला, "पुन्हा?" पूजानं मुकाट्यानं फडकं घेऊन ताक पुसलं. आई डोळ्यावरच्या काळ्या चष्म्याआडून कुठं बघत होती कळलं नाही, पण तिचीही भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी अंथरुणं आवरताना गादीखाली मला सृष्टीचा शाळेचा फ्रॉक सापडला, खिसा टरकन फाटलेला. मी हाक मारायच्या आत ती दारात उभी. पळत येऊन तिनं माझ्या हाताला मिठी मारली.

"आत्या, पप्पांना सांगू नको."

"अगं, खिसाच फाटलाय. शिवून देते की."

"सांगू नको ना. तुला माझी शपथ हाय."

मी शिवून दिला आणि सांगितलंही नाही. पण डोक्यात तिडीक गेली होती. खिशासाठी शपथ घालणारी पोर उद्या मोठी झाल्यावर काय काय गादीखाली घालील! दुपारी ऋषिराज बांधावर फवारणीचा पंप धूत बसला होता, तिथं जाऊन मी त्याला धरलं.

"ऋष्या, पोरगी तुला भिती रं."

"भ्यायलाच पायजे. भीती हाय म्हणून शिस्त हाय."

"आपण आण्णांना भीत हुतो का?"

आण्णा म्हणजे आमचे वडील, नाथाजी. ऋषिराज दहा वर्षांचा असताना त्यानं विहिरीला पाणी नसताना मोटार चालू ठेवली आणि जाळून टाकली. त्या काळी मोटार जळणं म्हणजे घरात सुतक पडल्यासारखं. पण हा पठ्ठ्या धूर दिसल्याबरोबर धावत गेला तो थेट आण्णांकडं, "आण्णा, मोटार जळली, मीच जाळली," असं ओरडत. आण्णांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. चल, वायरमनकडं जाऊ." मी त्याला त्या दिवसाची आठवण करून दिली.

"आन् दुसऱ्या साली मी पुन्हा जाळली," ऋषिराज पंपावरची नजर न काढता म्हणाला. "ही आण्णांची शिस्त."

मला हसू आलं आणि रागही आला. "व्हय, जाळलीस. पण दुसऱ्या वेळंला पळत कुणाकडं गेलास?"

तो पंपाची नळी झटकत राहिला.

"तुला पळत जायला आण्णा हुते. तुझ्या लेकीनं कुणाकडं जायचं?"

"आक्के," तो म्हणाला, "तुझा विश्वजित तुला सगळं सांगतो का?" माझा विश्वजित बावीस वर्षांचा घोडा झालाय आणि तोंडावर खोटं बोलतो, हे सगळ्या भावकीला माहीत आहे. भावंडांना एकमेकांची दुखरी जागा बरोबर ठाऊक असते.

दादासोंचा ऊस पेटवायचा होता तो त्यानंतरच्या दिवशी.

आमच्याकडं हे चालतं. चालू नये, पण चालतं. त्या साली वाऱ्यानं दादासोंचा ऊस पार लोळला होता. तोडणी करणारी टोळी म्हणाली, असल्या गुंत्यात आम्ही शिरत नाही, आधी पाचट जाळून द्या. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. ती भसकन पेटतात आणि मिनिटांत शेत काळं करून जातात, मागं नुसती कांडी उभी राहतात. दादासो थकलेला माणूस, बिचारा ऋषिराजकडं आला. "फौजी, तू हुबा ऱ्हा गड्या. तू असलास की मला घोर न्हाई."

झालं! आमच्या हवालदाराला मोहीम मिळाली. दादासोंच्या उसाच्या एका अंगाला रस्ता, समोरच्या अंगाला ओढा, आणि त्यांच्या-आमच्या शेतामधल्या बांधावर आमची मोटारीची खोली. वारा ओढ्याकडून रस्त्याकडं वाहत होता. त्यामुळं आधी रस्त्याकडची कड जाळून काळी करून घ्यायची, म्हणजे आग पुढं सरकणार नाही, आणि मग ओढ्याकडून पेटवायचं असं ठरलं. प्रत्येक कोपऱ्यावर त्यानं माणूस नेमला, ओली पोती दिली, फवारणीचे पंप पाण्यानं भरून ठेवले. स्वतः सगळ्या बाजूंनी ओरडत चक्कर मारून आला, आत कुणी चारा कापत तर नाही ना बघायला. मला तक्रारीला जागा ठेवली नव्हती त्यानं.

सृष्टीला त्यानं मोटारीच्या खोलीपाशी उभं केलं. शेजारी पाण्याचा माठ आणि तांब्या. "माणसं आली की पाणी द्यायचं. मी शिट्टी मारून बोलवीपर्यंत जागा सोडायची न्हाई. काय?"

"जागा सोडायची न्हाई," सृष्टी म्हणाली. तिच्या पायाशी तिचं करडू उड्या मारत होतं. टिकली तिचं नाव. घरात हुकूम न मानणारा तेवढा एकच जीव होता.

पूजा आणि मी रस्त्यावर सगळ्यांच्या भाकऱ्या घेऊन थांबलो होतो. रस्त्याकडची कड जळून काळी झाली. मग ऋषिराज ओढ्याकडं गेला. थोड्या वेळानं तिकडून दोन तुटक शिट्ट्या ऐकू आल्या. माणसांसाठी त्याचा अर्थ होता, आता आपापल्या जागी थांबा, पेटवतोय.

आधी पांढरा धूर वर आला, मग पिवळा, आणि मग आवाज. पेटलेल्या उसाचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचं नाही. कांडी फुटतात ती दिवाळीच्या माळेसारखी, आणि त्यामागं एक घोंघावणं असतं. पूजाचा हात माझ्या दंडावर होता. ती म्हणाली, "लांब हाय ना वन्सं, पोरगी?" मी म्हटलं, "अगं, बांधावर हाय ती. तुझ्या नवऱ्यानं उभी केलीया, देव आला तरी हलायची न्हाई."

तेवढ्यात बांधाकडून ऋषिराजची हाक आली. "सृष्टी!" मग पुन्हा. त्या हाकेत हवालदार नव्हता.

आम्ही पळत बांधावर गेलो. मोटारीच्या खोलीपाशी माठ होता, तांब्या होता, सृष्टी नव्हती. उसाच्या कडेला तिची एक चप्पल उलटी पडली होती. करडूही नव्हतं. काय झालं हे सांगायला कुणाची गरजच नव्हती. टिकली उसात घुसली आणि तिच्या मागं पोर गेली.

ऋषिराज त्या चपलेकडं बघत उभा होता. मी त्याला लढाईहून आलेला बघितलाय, आण्णांना खांदा देताना बघितलाय, पण असा चेहरा नाही. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "आक्के, मी दोन शिट्ट्या मारल्या."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. दोन शिट्ट्या म्हणजे आहेस तिथं थांब. पोर उसाच्या मध्यात असेल आणि तिनं त्या ऐकल्या असतील, तर ती तिथंच उभी असणार. हात मांड्यांना चिकटवून. आग अंगावर येताना बघत. कारण पप्पांनी अजून 'चल' म्हटलेलं नाही.

त्यानं शिट्टी तोंडात घातली आणि एक लांब मारली. मग कान देऊन थांबला. नुसता तडतडाट. पुन्हा मारली. ज्या शिट्टीवर ती जेवण टाकून धावत यायची, त्या शिट्टीला उत्तर नव्हतं. दादासो "अरं, इझवा, इझवा" म्हणत नाचत होते, पण पेटलेला ऊस पंपानं विझतो होय?

ऋषिराजनं ओलं पोतं डोक्यावरून घेतलं. मी त्याचा सदरा धरला. "ऋष्या, आत जाऊ नको!" त्यानं माझा हात झटकला आणि चप्पल पडली होती तिथून आत शिरला. तो दिसेनासा झाला. मग आतून शिट्टी आली, एक लांब. मग थांबणं. मग पुन्हा एक लांब, थोडी आणखी आतून.

बांधावरची माणसं ओरडत होती, "फौजी, बाहेर ये! बाहेर ये!" मी बांधानं ओढ्याकडं धावत सुटले. का धावले माहीत नाही. एका जागी उभं राहवेना एवढंच. ओढ्याकडची कड तोवर जळून गेली होती, आग पुढं सरकली होती. काळ्या राखेतून गरम वाफा येत होत्या. ओढ्यावर एक फरशी, म्हणजे ठेंगणा पूल आहे, तिच्याखाली सिमेंटची रुंद नळी. मी फरशीवर आले आणि खालून करडू ओरडलं.

मी घाणेरीच्या झुडपांतून घसरत खाली उतरले. नळीत, गुडघे छातीशी घेऊन, सृष्टी बसली होती. करडू तिच्या मांडीवर. अंगाला साधी धग लागली नव्हती. टिकलीच्या मागं ती सगळा ऊस ओलांडून ओढ्यात उतरली होती, आग लागायच्याही आधी. वरच्या माणसांना झुडपांमुळं दिसली नव्हती. आणि दोन शिट्ट्या ऐकल्या तशी तिथंच थांबली होती.

"सृष्टे! अगं, बाप शिट्ट्या मारतोय! ऐकू येत न्हाई का?"

"येतंय," ती म्हणाली.

वरून, धुरातून, पुन्हा एक लांब शिट्टी आली. पोर शहारली आणि आणखी आत सरकली.

"आत्या, पप्पांना सांगू नको. मी जागा सोडली."

खरं सांगते, माझा हात वर गेला होता. तिला ओढून, चार ठेवून देऊन वर न्यावी असं वाटलं. पण ती पोर माझ्या हाताकडं बघतही नव्हती, तिची नजर धुराकडं होती. मी तिला तशीच ओढत वर आणली आणि जीव खाऊन ओरडले, "ऋष्या, पोरगी सापडली! बाहेर ये!" शिट्टी थांबली नाही. उलट आणखी आत गेली. कशी थांबणार? सगळं गावच 'बाहेर ये' म्हणून ओरडत होतं. त्याला बाहेर काढायला बहीण खोटंही बोलेल, हे त्याला माहीत होतं. मी त्याच्याशी लहानपणापासून खोटं बोलत आलेय.

आता एकच आवाज त्याला बाहेर काढू शकत होता, आणि त्या आवाजाची मालकीण ओठ घट्ट मिटून माझ्या पदराआड शिरत होती. मला त्या क्षणी तिचा राग आला नाही. माझ्या भावाचा आला. असा आला की तो समोर असता तर त्याच्याच थोबाडीत दिली असती.

मी खाली बसले. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"हे बघ. जागा सोडलीस ती सोडलीस. पप्पा आत हाय. तुलाच शोधतोय. तू हाक मारल्याबिगर तो यायचा न्हाई."

"रागावतील."

"व्हय, रागावतील. लय रागावतील. रागावू दे की! रागवायला तरी बाहेर येऊ दे!"

तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आतून शिट्टी आली. या वेळी ती लांब नव्हती, मध्येच तुटली, आणि मग खोकल्याचा आवाज आला. तो खोकला ऐकला आणि पोरीनं माझे हात झटकून टाकले.

"पप्पाऽऽ!" ती किंचाळली. "पप्पा, मी हितं हाय! वढ्यात हाय! मी जागा सोडली, पप्पा! मी सोडली!"

वारा ओढ्याकडून होता. त्यानं तिचा आवाज उचलून उसात नेला. शिट्टी थांबली.

मग काहीच ऐकू येईना. तडतडाट तेवढा. मी मनात कुठल्या कुठल्या देवाला काय काय बोलले ते आठवत नाही. सृष्टी ओरडतच होती, तेच तेच, "मी सोडली, मी सोडली," जणू तो गुन्हा कबूल केला तरच बाप परत मिळणार होता.

शहाणा माणूस बांधाकडून बाहेर आला असता, तिकडं अजून आग पोचली नव्हती. हा आवाजाच्या रोखानं सरळ आला, आगीच्या पट्ट्यातून, पोत्याची झूल डोक्यावर घेऊन. काळ्या राखेतून धावत आला, काठावरून घसरला आणि ओढ्याच्या घोटाभर पाण्यात गुडघ्यांवर पडला. भुवया गेल्या होत्या. पोतं धरलेल्या दोन्ही हातांची पाठ लाल-पांढरी झाली होती, बघवत नव्हतं.

बाकीची माणसं, पूजा, दादासो, सगळे पळत आले. आणि सगळ्यांच्या देखत सृष्टी ओढ्यात उतरली, बापासमोर गेली आणि हात मांड्यांना चिकटवून ताठ उभी राहिली. डोळे घट्ट मिटलेले.

ऋषिराजला खोकला आवरत नव्हता. तो आवरल्यावर त्यानं विचारलं, "शिट्टी ऐकू येत हुती?"

"व्हय."

"मग आली का न्हाईस?"

"भ्या वाटलं."

"आगीचं?"

पोरीनं मान हलवली. डोळे न उघडताच म्हणाली, "तुमचं."

मी त्या माणसाला मोठेपणी कधी रडताना बघितलं नव्हतं आणि त्या दिवशीही तो रडला नाही. तो तसाच पाण्यात गुडघ्यांवर राहिला, भाजलेले हात पुढं धरून. त्या हातांनी लेकीला जवळ घेता येत नव्हतं. शेवटी पूजानंच पोरीला ढकलून त्याच्या अंगावर घातलं, आणि तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं तेव्हा तो मागच्या मागं पाण्यात बसला.

साताऱ्याच्या दवाखान्यात त्याला बरेच दिवस काढावे लागले. दोन्ही हात पट्ट्यांत. पूजा नाहीतर मी त्याला भरवायचो. शनिवारी शाळा सुटल्यावर सृष्टी यायची, तेव्हा ती भरवायची. पहिल्याच दिवशी तिच्या हातून वरण त्याच्या छातीवर सांडलं आणि ती चमचा टाकून उभी राहिली. मी आणि पूजा एकमेकींकडं बघायला लागलो. ऋषिराजच्या जबड्याची शीर उडताना मला दिसली. 'पुन्हा?' हा शब्द त्याच्या ओठांवर आलेला मी डोळ्यांनी बघितला. तो त्यानं गिळला. मग म्हणाला, "बस खाली. दुसरा घास दे. भूक लागलीया." हे सांगायला सोपं आहे. त्याला ते आगीत शिरण्यापेक्षा जड गेलं असणार, कारण आगीत शिरताना त्याला विचार करावा लागला नव्हता.

तो एका रात्रीत बदलला असं मी म्हणणार नाही. शिट्टी त्यानं ओढ्यात फेकून वगैरे दिली नाही, असलं सिनेमात होतं. गावातल्या भरतीच्या पोरांना तो अजून त्याच शिट्टीवर पळवतो. परिचारिकेवर ओरडला, दादासोंवर ओरडला, माझ्यावर तर रोजच ओरडायचा. आवाज चढायचाच. फक्त चढला की तो मध्येच थांबायचा. नव्या कामाला लागलेला गडी जसा प्रत्येक गोष्ट दोनदा बघतो तसा. शिकत होता बिचारा, चाळिशी उलटल्यावर. आमच्या आण्णांना ते उपजत होतं, याला एकेक घास गिळून शिकावं लागत होतं. आणि माझं म्हणाल तर, मला ते अजून आलेलं नाही. विश्वजितला विचारा.

मे महिन्यात ती तिघं सांगलीला माझ्याकडं राहायला आली. हातांवरची कातडी नवी, गुलाबी आणि ताणलेली होती, मूठ पुरती वळत नव्हती. सृष्टी आमच्या गल्लीतल्या पोरांत रमली. एके दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला ती घरात नव्हती. पूजा दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. ऋषिराज पायरीवर बसला होता. गळ्यातली दोरी त्यानं बोटांत धरली होती, पण शिट्टी तोंडात घातली नाही. मी स्वयंपाकघरातून बघत होते, आणि माझा जीव पुन्हा ओढ्यावर गेला होता.

ती आली. फ्रॉकचा घेर भिजलेला, पायाला वाळू. ती कृष्णेवर गेली होती हे सांगायला नकोच होतं. घाटावर, पाण्यात, न विचारता. मागच्या दारानं येऊन, फ्रॉक बदलून, गादीखाली घालणं तिला सहज जमलं असतं. मागचं दार उघडंच होतं. ती पुढच्या दारानं आली आणि बापासमोर उभी राहिली. हात मांड्यांना चिकटलेले नव्हते, फ्रॉकचा ओला घेर मुठीत धरलेला होता.

"पप्पा, एक सांगायचंय. पण तुमी रागावशीला."

ऋषिराजनं तिच्या ओल्या पायांकडं बघितलं. मान लाल झाली होती त्याची. तो पायरीवर थोडा सरकला, आणि शेजारी तिच्यापुरती जागा केली.

"रागवीन," तो म्हणाला. "तरी सांग."